गंज आधी आतून खातो

(जिल्हा मेळाव्यात कोरडवाहू शेतकऱ्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसावर बोलून झाले, ज्वारीवर बोलून झाले, वीजबिलावर बोलून झाले. आता मी उभा आहे सायकलीच्या गंजावर बोलायला. मागच्या रांगेतले काहीजण हसले, ते मी पाहिले. हसायला हरकत नाही. पण हसणाऱ्यांना माझा एक सवाल आहे. या मंडपाबाहेर लिंबाखाली सायकली उभ्या आहेत. त्यांतल्या किती सायकलींच्या चिमट्याच्या भरवशावर तुम्ही आपले लेकरू पुढच्या दांडीवर बसवाल आणि उतारावरून निर्धास्त सोडाल?

आता कोणी हसत नाही. म्हणजे विषय पटला.

घरात मोटारसायकल आली तरी सायकल गेलेली नाही. मोटारसायकल एकजण घेऊन जातो, बाकीच्या घराला सायकलच उरते. शेतावर डबा जातो सायकलीवर. फवारणीचा पंप जातो सायकलीवर. खताची गोणी येते सायकलीवर. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे पोरगी शाळेला जाते सायकलीवर. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. गावात शाळा सातवीपर्यंत आणि पुढची शाळा चार-पाच किलोमीटरवर, अशी कितीतरी गावे आपल्या भागात आहेत. तिथे सायकल मोडली की 'आजचा दिवस राहू दे' असे आपण म्हणतो. आजचे आठ दिवस होतात, आठाचे पंधरा होतात, आणि मग शाळा सुटते ती सुटतेच. म्हणून सायकलीचा गंज ही क्षुल्लक बाब आहे, असे मला कोणी सांगू नये.

तांबेरा वेगळा, गंज वेगळा

ज्वारीच्या पानावर तांबेरा येतो, तो तुम्ही ओळखता. तांबूस पुटकुळ्या येतात, बोट फिरवले की भुकटी लागते. तो बुरशीचा रोग. बुरशी जिवंत असते, वाऱ्यावर उडून या शेतातून त्या शेतात जाते. गंज दिसायला तसाच, पण तो रोग नव्हे. या सायकलीचा गंज उडून त्या सायकलीला लागत नाही. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू हे तिघे एकत्र आले की गंज होतो. तिघांपैकी एकाला दूर ठेवा, गंज थांबला. लोखंड तर आपण दूर करू शकत नाही, हवाही नाही. राहिले पाणी. म्हणून गंजाशी लढाई म्हणजे सगळी पाण्याशी लढाई.

तुम्ही म्हणाल, आमचा तर कोरडवाहू मुलूख. पिकाला पाणी नाही, मग गंजाला कुठून मिळणार? इथेच आपली फसगत होते. पिकाला लागते तेवढे पाणी गंजाला लागत नाही. पहाटेचे दव त्याला पुरते. पावसाळ्यातली दमट हवा त्याला पुरते. डोळ्याला दिसणारही नाही एवढा पाण्याचा पातळ पापुद्रा लोखंडावर बसला की त्याचे काम सुरू होते. आणि त्या पाण्यात मीठ किंवा खार मिसळला, तर गंज पायी चालत नाही, धावत सुटतो.

आता आपल्या घरातले खार मोजा. अंगाचा घाम म्हणजे मीठ. हँडलवर आणि आडव्या दांडीवर तो रोज ठिबकतो. गोठ्यातले गोमूत्र, त्यातून उठणारा तिखट वास, तिथली कायमची ओल. त्या गोठ्याच्या भिंतीला आपण सायकल टेकवून ठेवतो. खताचे तर विचारूच नका. पोटॅश म्हणून जे लाल-पांढरे खत आपण आणतो, ते मिठाचाच भाऊबंद आहे. सुपर फॉस्फेट आंबट असते. युरिया हवेतली ओल ओढून घेतो. पावसाळ्यात उघड्या गोणीचे काय होते ते प्रत्येकाने पाहिले आहे. २०१८ पासून युरियाची गोणी ५० ऐवजी ४५ किलोची झाली, पण तिच्यातून गळणारी पांढरी धूळ काही कमी झालेली नाही. ती कॅरियरच्या बोल्टाशी, मडगार्डच्या आत, मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांवर बसते. पहिल्या पावसाला तिचे पाणी होते. पुढचे तुम्हाला दिसत नाही, पण लोखंडाला कळते.

आणखी एक वैरी आहे. मोरचूद. संत्राबागवाले शेतकरी बोर्डो मिश्रण करतात, तेव्हा त्यात विळ्याचे पाते बुडवून पाहतात. पात्यावर तांब्याचा लाल थर बसला तर चुना कमी पडला, आणखी घाला, असे समजतात. ती परीक्षा काय सांगते? तांबे पात्यावर बसले, त्या बदल्यात तेवढे लोखंड पाण्यात गेले. पुढे त्या तांब्याच्या शेजारचे लोखंड आणखी भराभर गंजते. आपण कापसावर तांब्याची औषधे फवारतो, पंपाचे झाकण गळते, आणि तो पंप कॅरियरवर बांधून आपण घरी येतो. विळ्यावर जे घडते तेच सायकलीवर घडते. विळ्याची आपण परीक्षा घेतो, सायकलीची कोणी घेत नाही, एवढाच फरक.

वखराची पास आणि सायकलीची नळी

एक भाऊ मला म्हणाले, 'वखराची पास रात्रभर पावसात राहिली की सकाळी लाल होते. एक तास चालवली की आरशासारखी चकचकीत. सायकलीच्या गंजाचे एवढे काय घेऊन बसलात?'

सवाल चांगला आहे. पास भरीव असते. तिच्यावर आलेला गंज माती घासून काढते. वर्षाला थोडी झिजते, लोहाराकडे जाते, पुन्हा शेवटून येते. सायकलीची फ्रेम भरीव नाही. ती पोकळ नळ्यांची आहे आणि नळीच्या पत्र्याची जाडी एक-दीड मिलिमीटर. म्हणजे नखाएवढीच म्हणा. त्या नळीला दोन अंगे आहेत, एक बाहेरचे आणि एक आतले. बाहेरच्या अंगाला रंग आहे, तिथे गंज आला तर डोळ्याला दिसतो. आतल्या अंगाला बहुधा काहीच नसते. सीटची दांडी जिथे नळीत शिरते त्या फटीतून पाणी आत जाते. हँडलच्या कटोऱ्यांतून जाते. आत गेलेले पाणी उतरत उतरत पायडलच्या एक्सलच्या नळकांड्यात, ज्याला मिस्त्री बी.बी. म्हणतात, तिथे साचते. तिथे ऊन नाही, वारा नाही. पाऊस संपून ज्वारी फुलोऱ्यात येते, तरी ते पाणी आतच असते.

गंजाची आणखी एक खोड आहे. लोखंडाचा गंज झाला की तो दुपटीहून अधिक जागा व्यापतो. म्हणून तो फुगतो, रंगाला फोड आणतो, रंग उचलून टाकतो. वर तो स्पंजासारखा सच्छिद्र. म्हणजे पाणी धरून ठेवायला त्याने स्वतःच भांडे तयार केले. तांब्या-पितळेवर काळा-हिरवा थर बसतो, तो खालच्या धातूला बराचसा झाकतो. लोखंडाचा गंज झाकत नाही, उलट पुढच्या गंजाला वाट करून देतो. आपोआप थांबेल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही.

मग दिल्लीचा लोखंडी खांब का गंजत नाही, असे शिकलेली पोरे विचारतात. मेहरौलीला कुतुबमिनारच्या आवारात सात मीटरांहून उंच, सहा टनांहून जड असा खांब सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा आहे. कानपूरच्या आय.आय.टी.तले प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास केला. जुन्या लोहारांनी कोळशाच्या भट्टीत केलेल्या त्या लोखंडात स्फुरद जास्त राहिले होते. त्यामुळे खांबावर स्फुरदाचा एक पातळ घट्ट थर तयार झाला आणि तो थर आजही खालच्या लोखंडाला राखतो. दिल्लीच्या कोरड्या हवेचाही त्याला हातभार लागला. आपल्या सायकलीच्या पोलादात स्फुरद मुद्दाम कमी केलेले असते, कारण त्याने पोलाद ठिसूळ होते. म्हणजे खांबाला जे घरचे कवच मिळाले, ते सायकलीला नाही. तिला कवच आपणच घालायचे आहे. ते कवच म्हणजे रंग आणि तेल.

आधी परीक्षा, मग इलाज

गंज दिसला की सगळे धावतात रंगाच्या डब्याकडे. थांबा. आधी फ्रेम राखण्याजोगी आहे की नाही ते ठरवा. बैल विकत घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो. तसे सायकलीचे पाहायचे.

सायकल धुऊन पुसून उन्हात उलटी करा. मग या जागा पाहा. हँडलच्या उभ्या नळीला खालची तिरकी नळी मिळते तो जोड. चिमट्याचा वरचा खांदा. बी.बी.चा तळ. सीटची दांडी आत जिथे संपते, तिथली नळीची पाठ. मागच्या चाकाचा एक्सल बसतो त्या दोन पट्ट्या. आणि जिथे जिथे कॅरियर, स्टँड, चेनकव्हर यांचे पट्टे आवळलेले असतात, त्यांच्या खाली.

काय पाहायचे? एक, रंगाला फोड. दोन, रंगाला केसासारखी बारीक चीर आणि तिच्यातून ओघळलेला लाल डाग. तीन, नळीला खड्डा. चीर असेल तर ती नुसत्या रंगाची आहे की लोखंडाची, हे तेवढी जागा घासूनच कळते.

मग दाभण घ्या, पोती शिवायचा. गंजलेल्या जागी नेट लावून टोचा. टोक घसरले, खाली कठीण लागले, तर गंज वरवरचा आहे. टोक रुतले, पापुद्रे निघाले, भोक पडले, तर तिथली नळी गेली. नाण्याने नळीवर टिचकी मारत जा. चांगली नळी खणखण बोलते, कुजलेली बद्द बोलते. मडके विकत घेताना आपल्या बायका हेच करतात, त्यांना हे शिकवायला नको.

आता नियम ऐका. हे मी सांगतो ते कागदावर लिहून घ्या.

चिमट्याला चीर किंवा खोल खड्डा असेल तर चिमटा बदलायचा. त्याला वेल्डिंग नाही, पट्टी नाही, तार गुंडाळणे नाही. मागची नळी तुटली तर माणूस बसून राहतो. चिमटा तुटला तर माणूस तोंडावर पडतो आणि दात, जबडा, जीव, काहीही जाते.

जोडाजवळ भोक पडले असेल तर ती फ्रेम भंगारात. जुन्या काळ्या सायकलींचे जोड पितळ वितळवून केलेले असतात. त्यावर गावातल्या वेल्डिंगच्या कांड्या चालवल्या की पितळ जळते, लोखंडात मिसळते, आणि वरून गाठ मोठी दिसली तरी आतून जोड कच्चा राहतो. पातळ झालेल्या नळीवर तर कांडी लावताच एका भोकाची तीन भोके होतात.

बाकी सारा वरवरचा गंज, कितीही लाल दिसो, राखण्याजोगा आहे. आणि आपल्या गावातल्या बहुतेक सायकली याच वर्गातल्या आहेत, ही चांगली बातमी.

एक दिवसाचे काम

हे काम वैशाखात करायचे. तेव्हा हवा कोरडी असते, रानातले काम ढिले असते, आणि मृगाला अवकाश असतो. पावसाळ्यात रंग लावणे म्हणजे ओल कोंडून वरून झाकण लावणे.

पहिले काम, सुटे करणे. चाके, मडगार्ड, चेनकव्हर, कॅरियर काढा. नवी सायकल आणली की तिच्या दांडीवरचे प्लॅस्टिक आपण काढत नाही, वर रंगीत रेक्झिनचे कव्हर चढवतो. रंग जपायला म्हणून ठेवतो, आणि त्याच्याच खाली घामाचे आणि पावसाचे पाणी कोंडून गंज धरतो. ते काढून फेकून द्या. सीटची दांडी जाम झाली असेल तर हातोडा मारू नका. फटीत डिझेल सोडा, दोन दिवस तसेच राहू द्या, मग सीट धरून डावी-उजवी पिळत वर काढा.

दुसरे काम, घासणे. सुटा गंज तारेच्या ब्रशाने काढा. मग पॉलिश पेपर, आधी ८० नंबरचा, मग १२० चा. गंजाच्या जागेभोवती बोटभर चांगला रंगही घासा, कारण गंज रंगाखाली सरकलेला असतो. कडेचा रंग हाताला पायरीसारखा लागता कामा नये, उतार लागला पाहिजे. इथे एक सावधगिरी. घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, असा नियम आपल्या देशात २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची धूळ विषारी असू शकते. म्हणून पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा, तोंडाला फडके बांधा, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका, आणि ज्या अंगणात धान्य वाळते तिथे हे काम करू नका. घासून झाले की लगेच कोरडे पुसून उन्हात ठेवा.

संडास धुण्याचे ॲसिड ओतून गंज काढणारे काहीजण आहेत. दोन मिनिटांत लोखंड पांढरे होते, पाहून आनंद होतो. पण ते ॲसिड नळीच्या आत, जोडांच्या फटीत शिरते आणि आपला खार मागे ठेवून जाते. चार दिवसांत गंज दुप्पट जोराने येतो. शिवाय त्याची वाफ डोळ्याला आणि छातीला वाईट. ते संडासापुरतेच राहू द्या.

तिसरे काम, खड्ड्यांतला गंज. पॉलिश पेपर जिथे पोचत नाही, तिथे थोडा गंज राहतोच. त्यासाठी बाजारात गंज बदलणारे औषध मिळते. त्यात बहुधा फॉस्फरिक ॲसिड असते आणि ते लोखंडावर स्फुरदाचा थर करते. दिल्लीच्या खांबाची गोष्ट मी उगाच सांगितली नाही. औषध मिळाले नाही तर घरचा उपायही आहे. आवळा किंवा कच्चे केळे चिरले की विळी काळी पडते, हे प्रत्येक बाई जाणते. त्या फळांतला तुरट अंश लोखंडाशी मिळून काळा थर होतो. हिरडा आणि बाभळीची साल यांत तो भरपूर आहे. हिरड्याची भुकटी किंवा बाभळीची साल पाण्यात दाट उकळा, गाळा, थंड करा, आणि सुटा गंज काढलेल्या जागेवर फडक्याने लावा. लाल जागा निळसर काळी होईल. रात्रभर वाळू द्या, दुसरा हात द्या. पण हे औषध नुसते अस्तर आहे. त्याच्यावर रंग चढला नाही तर एका पावसात ते गेले म्हणून समजा.

चौथे काम, रंग. आधी डिझेल किंवा थिनरच्या फडक्याने तेलकटपणा पुसा. डिझेलने पुसले असेल तर नंतर साबणाचे पाणी आणि कोरडे फडके फिरवा, नाहीतर रंग धरणार नाही. मग रेड ऑक्साइडचा पातळ हात. वाळला की दुसरा. आणि त्याच्यावर ऑइल पेंटचे दोन हात. आपल्याकडे नुसता रेड ऑक्साइड लावून सोडून देण्याची रीत आहे. लोखंडी दरवाजे, ट्रॉल्या, सायकली, सगळे वर्षानुवर्षे तपकिरी. रेड ऑक्साइड हे अस्तर आहे, त्यातून ओल झिरपते. अस्तर शिवले आणि वरचे कापडच लावले नाही, तर तो कोट थंडी कशी अडवणार? दाट एक हात देण्यापेक्षा पातळ दोन हात द्या. रंग लावल्यावर दोन दिवस सायकलीला हात लावू नका.

पाचवे काम सर्वांत मोलाचे आणि तेच कोणी करत नाही. आतून तेल. फ्रेम उलटी टांगून आत साचलेले पाणी आणि माती काढा, दिवसभर उन्हात ठेवा. बी.बी.च्या तळाला पाणी निघायला भोक आहे का पाहा. असेल तर ते मातीने बुजलेले असते, काडीने मोकळे करा. मग सीटच्या नळीतून अर्धी वाटी जवसाचे तेल सोडा आणि फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, म्हणजे ते सगळीकडे पसरेल. जवसच का? शेंगदाण्याचे तेल ओलेच राहते. जवसाचे तेल हवेने सुकते आणि त्याचा चिवट पापुद्रा होतो. रंगाचे कारखाने आधीपासून तेच वापरत आले. आपल्याच रानात पिकणारी वस्तू आहे. जास्तीचे तेल निथळू द्या. सीटची दांडी परत बसवताना तिला ग्रीसचा हात द्या, म्हणजे पुढच्या वर्षी ती जाम होणार नाही आणि फटीतून पाणीही शिरणार नाही. बैलगाडीला ओंगण घालणाऱ्या माणसाला हे जास्त सांगावे लागू नये.

आता कान देऊन ऐका. जवसाच्या तेलाने भिजलेले फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना गरम होते. फडक्याचा बोळा असेल तर ती उष्णता आत कोंडते आणि काडी न लावता तो बोळा पेट घेऊ शकतो. आपली घरे कापसाची. खोलीत वेचणीचा कापूस छतापर्यंत लावलेला असतो. सायकल वाचवायला गेलो आणि घर पेटले, असे होता कामा नये. फडके काम संपताच पाण्यात बुडवा, किंवा घरापासून दूर उघड्यावर एकेक पसरून वाळू द्या. बायकांनो, हे तुम्ही लक्षात ठेवा, पुरुष विसरतील.

घसाऱ्याचा हिशेब

आपण भावासाठी भांडतो तेव्हा म्हणतो, उत्पादन खर्चात औजारांचा घसारा धरा. सरकारच्या कृषी मूल्य आयोगाच्या खर्चाच्या हिशेबातही औजारांचा आणि गोठ्या-कोठाराचा घसारा धरलेला असतो. तो पुरेसा असतो की नाही, यावर आपण रात्रभर बोलू शकतो. पण घसारा ही काही नुसती कागदावरची ओळ नाही. रोज रात्री दव पडते तेव्हा आपल्या दारात तो चालू असतो. तो भाव मागून मिळत नाही, तो आधी वाचवावा लागतो.

साधा हिशेब मांडा. पॉलिश पेपरचे दोन कागद, रेड ऑक्साइडचा छोटा डबा, ऑइल पेंटचा छोटा डबा, अर्धी वाटी जवसाचे तेल. आजच्या भावाने तीनशे रुपयांच्या आसपास, आणि त्या डब्यांत दोन सायकली होतात. चिमटा बदलावा लागला तर आणखी काही शे. नवी सायकल घ्यायला गेलात तर पाच हजारांच्या खाली मुश्किलीने मिळेल, आणि ते पाच हजार बहुधा नेमके पेरणीच्या तोंडावर लागतात, जेव्हा बियाण्याचे पैसेही दुसऱ्याच्या खिशात असतात. त्या वेळी सावकाराकडून काढलेल्या पाच हजारांचे दिवाळीपर्यंत किती होतात, ते मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणून वर्षाचे तीन दिवस ठरवून टाका.

वैशाखात एक दिवस घासणे, रंग आणि आतले तेल. पोळ्याला बैल धुता, त्याच दिवशी सायकलही धुऊन कोरडी करा, आणि रंग जिथे खरवडला असेल तिथे तेलाचे बोट फिरवा. तिसरा दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी आपण अवजारांची पूजा करतो. सायकलीवर पाणी शिंपडतो, कुंकू लावतो, झेंडूचा हार चढवतो, आणि तो हार कुजून काळा होईपर्यंत हँडलवर लटकत ठेवतो. त्याच्या खाली ओल, ओलीखाली गंज. पूजा जरूर करा. पण आधी पुसा, मग पूजा करा, आणि दुसऱ्या दिवशी हार काढून पुन्हा पुसा. लोखंडाची खरी पूजा कोरड्या फडक्याने होते.

आणि रोजचे दोनच नियम. खत किंवा औषध वाहून आणले की त्याच संध्याकाळी दोन तांबे साधे पाणी कॅरियरवर आणि मागच्या नळ्यांवर ओता आणि पुसा. दुसरा, सायकल गोठ्यात, कडब्याखाली किंवा भिंतीच्या ओलीला टेकून ठेवू नका. पडवीत, वारा लागेल अशी उभी करा.

शेवटी एक काम मी तुम्हा सगळ्यांवर सोपवून जाणार आहे. टाळ्या वाजवून विसरायचे नाही. प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने मृगाच्या आधी एक रविवार ठरवावा. शाळेला जाणाऱ्या मुलींच्या सायकली चावडीपुढे किंवा देवळापुढे गोळा कराव्या. एक दाभण, एक नाणे आणि डोळे उघडे असणारी दोन माणसे, एवढे सामान पुरते. प्रत्येक सायकलीचा चिमटा आणि बी.बी.चा तळ तपासा. चीर दिसली तर ती सायकल त्याच दिवशी बाजूला उभी करा आणि चिमट्याचे पैसे गावाने जमवा. वरवरचा गंज असेल तर मुलीच्या हातात पॉलिश पेपर द्या आणि तिलाच शिकवा. ती एकदा शिकली की घरातली बाकीची लोखंडी वस्तूही ती राखील.

आपल्या मुलखात कोणाच्या हातात नसलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. पाऊस आपल्या हातात नाही, भाव आपल्या हातात नाही. नळीतले पाणी काढणे मात्र आपल्या हातात आहे. जे हातात आहे ते सोडून देऊ नका.

पुढच्या मेळाव्याला मी येईन तेव्हा आधी लिंबाखाली जाईन, सायकली उलट्या करून पाहीन, आणि मगच मंडपात बोलायला उभा राहीन.